तोरिनोच्या तक्त्यातली एक ओळ

आज आपण एक तक्ता वाचणार आहोत.

इटलीतल्या तुरीन शहराचा तोरिनो हा फुटबॉल क्लब १९०६ साली स्थापन झाला. त्याच्या प्रत्येक हंगामाची एकेक ओळ मांडली की लांबलचक तक्ता तयार होतो: साल, क्रमांक, गुण. वरवर पाहिलं तर रेल्वेच्या वेळापत्रकाइतकाच कोरडा. पण काही ओळींपाशी थांबावं लागतं.

पहिला थांबा १९२६-२७. तोरिनो पहिला आला, पण विजेतेपद काढून घेतलं गेलं. युव्हेंटसच्या एका खेळाडूला लाच दिल्याचा आरोप झाला होता. ते विजेतेपद दुसऱ्या कुणालाही दिलं नाही. पुढच्याच हंगामात तोरिनोने मैदानावर उत्तर दिलं आणि विजेतेपद मिळवलं.

मग येतो १९४२-४३. अध्यक्ष फेर्रुच्चो नोव्हो यांनी बांधलेल्या संघाने लीग आणि इटालियन चषक एकाच हंगामात जिंकले. इटलीत हे पहिल्यांदाच घडत होतं. पुढे युद्धाने खंड पाडला, आणि १९४५-४६ पासून पुन्हा ओळीने पहिला क्रमांक. १९४७-४८ मध्ये ४० सामन्यांत १२५ गोल! कर्णधार होता व्हॅलेंतिनो मात्सोला. मे १९४७ मध्ये इटलीचा राष्ट्रीय संघ हंगेरीविरुद्ध उतरला, तेव्हा अकरापैकी दहा जण तोरिनोचे होते. म्हणजे एका क्लबचा संघ जवळजवळ देशाचाच संघ झाला होता.

आता आजची मुख्य ओळ. १९४८-४९: क्रमांक पहिला, सामने ३८, गुण ६०. दुसऱ्या क्रमांकावरचा इंटर ५५ वर. पाच गुणांनी सरळ विजय, असंच वाटतं ना?

हा ६० चा आकडा जरा फोडून पाहू. त्या काळी विजयाला दोन गुण मिळत. ३४ सामन्यांनंतर तोरिनोचे ५२ गुण होते. चार सामने बाकी असताना संघ एका मैत्रीपूर्ण सामन्यासाठी लिस्बनला गेला. ४ मे १९४९ रोजी परतताना तुरीनवर दाट ढग उतरले होते. संघाचं विमान सुपेर्गा टेकडीवरच्या चर्चच्या मागच्या भिंतीवर आदळलं. ३१ जण गेले, त्यांत १८ खेळाडू. मृतदेहांची ओळख पटवायला आले विटोरियो पोत्सो, इटलीला दोनदा विश्वचषक जिंकून देणारे प्रशिक्षक. यांतली अनेक मुलं त्यांच्याच राष्ट्रीय संघातून खेळलेली होती.

राहिलेले चार सामने तोरिनोच्या युवा संघातली पोरं खेळली. प्रतिस्पर्ध्यांनीही आपले मुख्य खेळाडू बाजूला ठेवले आणि समोर आपलीही पोरंच उतरवली. कुठल्याही नियमाने हे सांगितलं नव्हतं. तोरिनोने चारही सामने जिंकले. आठ गुण.

म्हणजे त्या ६० मध्ये ५२ गुण गेलेल्यांचे आहेत आणि आठ मागे राहिलेल्या पोरांचे. तक्ता मात्र दोन्हींची बेरीज करून मोकळा होतो.

पुढच्या ओळी त्या बेरजेचा खरा अर्थ सांगतात. दहा वर्षांनी, १९५८-५९ मध्ये, तोरिनो पहिल्यांदाच दुसऱ्या श्रेणीत घसरला. विजेतेपद परत यायला २७ वर्षं लागली. १९७५-७६ च्या शेवटच्या दिवशी तोरिनोची चेझेनाशी १-१ अशी बरोबरी झाली, तिकडे पेरुजात युव्हेंटस हरला, आणि दोन गुणांच्या फरकाने तोरिनो विजेता ठरला. त्यानंतर लीगचं विजेतेपद आजवर आलेलं नाही.

आपण इतिहास बहुधा निकालांवरून वाचतो: कोण जिंकलं, कोण हरलं. निकाल खोटा नसतो, पण तो अपुरा असतो. तुरीनच्या लोकांना हे ठाऊक आहे. म्हणूनच दरवर्षी ४ मे रोजी ते सुपेर्गा टेकडी चढतात, आणि तोरिनोचा कर्णधार तिथे त्या ३१ जणांची नावं मोठ्याने वाचतो. गुण कुणी वाचत नाही.