वहीतला भाजीचा रकाना

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काका, जुन्या आठवणींवर काहीतरी लिहा," असं संपादक मंडळानं सांगितलं, तेव्हा त्यांना बहुधा सोसायटीच्या स्थापनेचा इतिहास हवा होता. पहिली सहा वर्षं मी खजिनदार होतो, त्यामुळे अपेक्षा रास्तच होती. पण बिल्डर, कन्व्हेयन्स आणि पाण्याची टाकी हे विषय इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी लिहिणार आहे भाजीबद्दल. विकत घेतलेल्या भाजीबद्दल कमी, आणि जी आपण हल्ली ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकतो तिच्याबद्दल जास्त.

निमित्त घडलं २०२० साली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लॉकडाऊन लागला. आमच्या सौ.चं मनगट त्याआधी पंधरा दिवस फ्रॅक्चर झालेलं. स्वयंपाकाच्या बाई येणं बंद. मुलगा-सून दोघं खोलीत बसून ऑफिसचं काम करत होते. म्हणजे ओट्यापाशी उभा राहायला रिकामा माणूस मी एकटाच. बँकेत पस्तीस वर्षं काढली, पण चहापलीकडे मजल गेली नव्हती. गेटवर आठवड्यातून एकदा भाजीची पिशवी यायची, त्यात काय असेल ते देव जाणे. एकदा दोन दुधी, एक कोबी आणि चार दोडके एवढंच निघालं. पाच माणसं, सात दिवस. तेव्हा मला आईच्या वह्या आठवल्या.

पानशेत आणि वाळवण

आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत, वाड्यात दोन खोल्यांचं. वडील छापखान्यात कंपोझिटर, आम्ही चार भावंडं. वाड्याच्या मागे मोरीच्या पाण्यावर अळू माजलेलं असायचं. ते सगळ्या बिऱ्हाडांचं मिळून होतं, आजच्या भाषेत कॉमन ॲमेनिटी म्हणा.

त्या काळी पावसाळ्यात भाजी महाग आणि बेभरवशाची. म्हणून उन्हाळ्यातच पावसाळ्याची तजवीज व्हायची. गच्चीवर जुन्या धोतरावर सांडगे घातले जायचे. कोहळा किसून त्याचे, आणि डाळी भिजवून भरड वाटून त्यांचे. गवारीच्या शेंगा मिठाच्या पाण्यातून काढून वाळवायच्या. भरल्या मिरच्या, कुरडया, पापड. राखण करायला आम्ही पोरं, आणि राखणाऱ्यांपासून राखण करायला आजी. रश्शात चार मुठी सांडगे सोडले की घरभराची भाजी व्हायची. हा प्रकार काही गरिबीचा नव्हता, सगळ्या पेठेत तसंच होतं. शंभर वर्षांहून जुन्या 'गृहिणी-मित्र'पासून मराठी पाकपुस्तकांत मेजवान्यांबरोबर असल्या साध्या पदार्थांनाही जागा मिळत आली आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं. मी बारा वर्षांचा होतो. नेसत्या कपड्यांनिशी आम्ही वरच्या अंगाला सदाशिव पेठेत नातेवाइकांकडे गेलो. पाणी ओसरल्यावर परत आलो तर घरात गुडघाभर चिखल. माणसं वाचली हेच मोठं. पण आईनं भांडी-कपड्यांच्या आधी पाहिले ते फळीवरचे डबे. वर्षाचं वाळवण गेलं होतं. सांडग्यांचा डबा उपडा केला तेव्हा त्यातून पिठाळ चिखल पडला, आणि मी आईला पहिल्यांदा रडताना पाहिलं. तेव्हा मला वाटलं, घर बुडालं आणि ही सांडग्यांसाठी काय रडते? पुढे चातुर्मासभर काय खायचं हा प्रश्न तिच्या डोळ्यांपुढे होता, तो बारा वर्षांच्या पोराला दिसत नव्हता.

तिच्या आधीच्या हिशेबाच्या वह्याही पुरात गेल्या. पहिली शिल्लक वही ऑगस्ट १९६१ची.

पुरवठा करण्याच्या युक्त्या

या वह्यांत तारीख, किराणा, दूध, भाजी, किरकोळ असे रकाने आहेत. आणि समासात बारीक अक्षरात कधी कधी "काय केलं" ते लिहिलेलं. पाककृती नव्हे, नुसती खूण. उदाहरणार्थ, "दोडका – भाजी. शिरा – चटणी." "मुळा – कोशिंबीर. पाला – पीठ पेरून." "अळू – पानं फदफदं, देठ देठी."

या खुणा नीट पाहिल्या की त्यामागचं गणित कळतं. एका भाजीचे दोन पदार्थ करायचे, हा पहिला नियम. दोडक्याच्या शिरा किंवा दुधीची साल बारीक चिरून चमचाभर तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईतो परतायची. त्यात भाजलेले तीळ, सुकं खोबरं, तिखट, मीठ आणि चिमूट साखर घालून जाडसर कुटायची. ही चटणी चार दिवस टिकते. पडवळाच्या आतला बियांचा गर असाच परतून चटणीत जायचा. कोथिंबिरीची देठं आमटीत, फ्लॉवरचे दांडे सोलून रश्श्यात. कलिंगडाचा लाल भाग पोरांना, हिरवी साल गाईला आणि मधल्या पांढऱ्या भागाची भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून भाजी.

दुसरा नियम म्हणजे भाजी वाढवायची. पालेभाजी शिजली की कुठं जाते कळत नाही, एक जुडी चार माणसांनाही पुरत नाही. तिच्यात मूठभर डाळ आणि दाणे घाला, ताकात बेसन कालवून लावा, की पातळ भाजी आठ जणांना होते. किंवा कोरडी करायची तर डाळीचं पीठ पेरा. पोट भरतं आणि डाळीमुळे अंगालाही लागतं. प्रोटीन हा शब्द आईला माहीत नव्हता, पण नुसता पाला खाऊन पोरं वाढत नाहीत हे माहीत होतं.

तिसरा नियम वेळेचा. वडील छापखान्यातून सुटल्यावर मंडईवरून यायचे. मंडई उठायच्या वेळी उरलेला माल कमी भावात मिळे. वाटे उचलायचे, मोजून घ्यायचं नाही. १८८६ साली बांधलेली ती दगडी मंडई आजही उभी आहे, पण संध्याकाळचा वाटा उचलणारे आता आपल्यातले फारसे राहिले नाहीत.

सोमवार

१९६५ साल सगळ्यांनाच कठीण गेलं. पाऊस रुसलेला, सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध, धान्य कमी. अमेरिकेचा पीएल-४८०चा गहू रेशनवर यायचा. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायचं आवाहन केलं आणि सोमवारी रात्री घराघरांत चुली बंद राहू लागल्या. आमच्याकडेही आई-वडील सोमवारी रात्री जेवत नसत. आम्हा मुलांना त्याचा अभिमान वाटायचा.

मी त्या वर्षी अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला होतो. डब्यात पोळी आणि दुधीच्या सालीची नाहीतर दोडक्याच्या शिरांची चटणी. एकदा वर्गातल्या एका मुलानं डबा पाहून मोठ्यानं विचारलं, "तुमच्याकडे साल खातात, मग दुधी कोण खातं?" सगळे हसले. त्यानंतर काही दिवस मी डब्यातली चटणी शाळेत जाता-येता नदीकाठी टाकून देत होतो आणि पोळी कोरडी खात होतो. घरी रिकामा डबा द्यायचा. आई एवढंच म्हणाली, "चटणी आवडायला लागली वाटतं तुला." दुसऱ्या दिवशी तिनं जास्त घातली. मी तीही टाकली.

आई १९९४ साली गेली. तिच्या ट्रंकेत वह्या सापडल्या. तेव्हा मी शाखा व्यवस्थापक होतो, हिशेब वाचायची सवय. नोव्हेंबर १९६५च्या पानाशी थांबलो. महिन्याच्या तीस दिवसांपैकी चौदा दिवस भाजीच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. खर्च शून्य. पण भाजीवाचून आम्ही एकही दिवस जेवलो नव्हतो हे मला पक्कं आठवत होतं. समासात पाहिलं. "मोरीचं अळू." "सांडगे." "फ्लॉवरचा पाला – मंडईतून, फुकट." "साल." "शिरा." आणि महिन्याच्या शेवटी किरकोळच्या रकान्यात माझ्या परीक्षेची फी.

बँकेच्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. रक्कम कुठं गेली ते लिहिलेलं होतं आणि कुठून आली तेही. मी नदीकाठी टाकलेली चटणी त्याच महिन्यातली.

आणखी एक. शास्त्रीजी ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला गेले. पुढे सोमवारची ती चळवळ हळूहळू ओसरली. आईच्या वहीत मात्र १९६८पर्यंत सोमवारच्या तारखेपुढे छोटी फुली आहे, आणि मधूनमधून गुरुवारपुढेही. आम्ही समजत होतो की ती देशासाठी उपास करते. सुरुवात तशीच झाली असेल. पुढची फुली कोणासाठी होती हे विचारायची वेळ निघून गेली होती.

दुष्काळातला पाला

मी १९७१ साली बँकेत लागलो. नुकतंच बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं, खेड्यापाड्यांत शाखा उघडत होत्या. माझी पहिली बदली सोलापूर जिल्ह्यात आणि पुढच्याच वर्षी, १९७२चा दुष्काळ. रस्त्याच्या, पाझर तलावाच्या कामांवर हजारो माणसं खडी फोडत होती. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर सुकडी मिळे. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तोही हाच काळ.

एकदा कामाच्या ठिकाणी दुपारी एका म्हातारीनं मला भाकरीवर काळपट हिरवी भाजी वाढली. चव आंबूस, पण छान. विचारलं तर म्हणाली, "हरभऱ्याचा पाला हाय, साहेब. लई दिसांचा वाळवून ठिवल्याला." चांगल्या दिवसांत हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून, वाळवून मडक्यात भरून ठेवायचे. मग पाण्यात शिजवून वर चिमूटभर ज्वारीचं पीठ आणि लसणाची फोडणी. शिवारात हिरवं पान नव्हतं आणि तिच्या ताटात हिरवी भाजी होती. पुण्याच्या गच्चीवरचे सांडगे आणि सोलापूरचा वाळवलेला पाला यांत मला तेव्हा पहिल्यांदा नातं दिसलं. कोकणातले आमचे सहकारी सांगायचे की त्यांच्याकडे फणसाच्या आठळ्या मातीत घोळून पावसाळ्यासाठी ठेवतात. जिथं जे मिळेल ते, पण रीत एकच.

पुढे दिवस पालटले. आमच्या लग्नात सौ.ला कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आहेर आली होती. १९७०चं ते पुस्तक, वाटी-चमच्याच्या मापानं नव्या सुनांना स्वयंपाक शिकवणारं. मग गॅस आला, फ्रीज आला. फ्रीज आल्यावर वाळवण कमी झालं, आणि बारा महिने मटार मिळायला लागल्यावर सालीकडे बघायचं कारण उरलं नाही. यात वाईट काही नाही. आईलाही मटार आवडायचा.

पंपरूममागचं अळू

तर पुन्हा २०२०. त्या दोन दुधी आणि चार दोडक्यांचं मी आईच्या समासातल्या खुणांवरून सात दिवसांचं वेळापत्रक केलं. पहिल्या दिवशी चटणी करपली. दुसऱ्या दिवशी जमली. नात म्हणाली, "आजोबा, साल खायची असते?" मी म्हणालो, "खाऊन बघ, मग सांग." तिनं पोळीला लावून खाल्ली आणि आणखी मागितली. मी उठून आत गेलो, चष्मा पुसायचं निमित्त करून.

तिसऱ्या आठवड्यात आठवलं की आपल्या पंपरूमच्या मागे टाकीच्या गळक्या पाण्यावर अळू वाढलंय. जुन्या रहिवाशांना आठवत असेल, २०११च्या वार्षिक सभेत ते उपटून पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव आला होता आणि मी एकट्यानं विरोध केला होता. इतिवृत्तात माझं नाव आहे. ठराव मंजूर झाला, पण पैशाअभावी काम राहिलं. त्या अळूचं फदफदं लॉकडाऊनमध्ये बी विंगच्या नऊ घरांत गेलं, प्रत्येकानं आपापला डबा दाराबाहेर ठेवून. देशमुखी थाट नव्हता. हरभऱ्याची डाळ, दाणे, मुळ्याच्या चार चकत्या, चिंच आणि गूळ. चिंच विसरू नका, नाहीतर घसा खाजेल. आणि एक सावधगिरी, शोभेच्या कुंडीतली अळूसारखी दिसणारी सगळी पानं खायची नसतात. ओळखता येत नसेल तर आधी मला किंवा सौ.ला दाखवा.

आपल्या सोसायटीत आज कंपोस्टचा खड्डा आहे, त्याबद्दल कमिटीचं अभिनंदन. पण खड्ड्यात जाण्याआधी सालीला आणखी एक संधी द्यायला हरकत नाही. कोणावर काटकसरीची सक्ती नाही. सुदैवानं आज आपल्या कुणाच्या घरी भाजीच्या रकान्यात रेघ मारायची वेळ नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्यांनी ती मारली, त्यांच्या हातची चव घरात राहावी. घरी कोणी ऐंशी-नव्वदीचं माणूस असेल तर त्यांना विचारा, तुम्ही सालीचं काय करत होता? आजच विचारा. मी विचारलं नाही.

रौप्यमहोत्सवाच्या जेवणाचा मेनू केटररनं ठरवला आहे. तरी एक मोठं पातेलं फदफदं आमच्या घरून येईल, अळू पंपरूममागचंच. खजिनदार या नात्यानं नव्हे, पण हिशेब सांगतो: भाजीचा खर्च, शून्य.