जमिनीवरचें उड्डाण

वाद्यांच्या कारखान्यांत विमानविद्येची शाळा जन्मास यावी, हा इतिहासांतील मौजेचा योग होय. अमेरिकेंतील बिंगहॅम्टन येथें एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो बनविण्याचा कारखाना होता. त्या वाद्यांतील भाते योजून लिंक यांनीं १९२९ सालीं जमिनीवरच डोलणारें व वळणारें एक लुटुपुटीचें विमान रचिलें. प्रथम तें जत्रेंतील खेळणें ठरलें! परंतु १९३४ सालीं विमानानें टपाल नेण्याचें काम सैन्याकडे आलें, आणि धुक्यांत व हिमवादळांत अनेक वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हां सैन्यानें अशीं सहा यंत्रें विकत घेतलीं.

पुढें १९६८ सालीं आयव्हन सदरलँड यांनीं डोक्यावर धारण करावयाचा, मान वळवितांच दृश्य पालटणारा पडदा सिद्ध केला. त्याच कुळांतील चष्मा लावून आज ड्रोनचे चालक आभासी आकाशांत शिकूं शकतात. तेथें यंत्र शंभरदां आदळलें तरी कोणाच्या केसास धक्का लागत नाहीं.

लिंक यांच्या शिष्यास पुढें स्वतःचा जीव घेऊन वर जावयाचें असे. ड्रोनचा चालक मात्र शिकून झाल्यावरहि जमिनीवरच राहतो. त्याच्या डोळ्यांपुढें पूर्वींसारखें चित्रच असतें. फक्त चित्रांतील माणसें आतां खरीं असतात. हा भेद यंत्र शिकवीत नाहीं. तो गुरूनेंच शिकवावयाचा.