गाडीची पायरी : बंडीपासून कॅम्परपर्यंत

इतिहासाच्या पुस्तकात गाडीला इंजिन असतं, चाक असतं, मालक असतो. पायरी मात्र नसते. गाडीत कोण बसू शकलं आणि कोण घरीच राहिलं हे बऱ्याचदा त्या दुर्लक्षित पायरीनंच ठरवलं आहे. म्हणून या शनिवारी पायरीचा इतिहास.

निमित्त घरचंच आहे. परतवाड्याच्या माझ्या आतेभावानं एक जुनी मिनीबस घेऊन तिचा कॅम्पर केला. आत दोन बिछाने, ओटा, पाण्याची टाकी, सगळं झकास. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा आणि वर मुक्काम करायचा असा बेत. आणि ज्या आत्यासाठी हा खटाटोप, तिनं दारापाशी उभं राहून एका वाक्यात निकाल दिला : "मले नाई चढनं होत बाप्पा, तुमी जा." गुडघे गेलेले आहेत. चिखलदरा उणापुरा तीस किलोमीटरवर, पण मधे दाराचा उंबरठा : जमिनीपासून ७२ सेंटिमीटर.

हे ७२ सेंटिमीटर येतात कुठून? इथून पुढे जरा मागे जाऊ.

वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात. इथली जमीन काळी. पावसाळ्यात तिचा असा चिकटा होतो की लहान चाक रुतलं म्हणजे रुतलंच. चाक जितकं मोठं तितकं ते खड्ड्यातून सहज वर येतं. म्हणून बंडीचं चाक मोठं. चाक मोठं म्हणजे आस उंच, आणि गाडीचा तळ त्या आसावर ठेवलेला, म्हणजे तळही उंच. थोडक्यात, बंडीची उंची रस्त्यानं ठरवली. चढणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

बरं, चढायचं कुठून? मागून चार माणसं एकदम चढली तर गाडी उलाळ होते, म्हणजे मागचा भाग खाली जातो आणि जू वर उचललं जाऊन बैलांच्या गळ्याला फास बसतो. त्यामुळे कुणीतरी धुरा दाबून धरायचा आणि बाकीच्यांनी चाकाच्या तुंब्यावर किंवा आऱ्यावर पाय देऊन वर जायचं. चाकच पायरी! तरण्या पोराला हे सोपं. नऊवारीतल्या बाईला अवघड. म्हाताऱ्या माणसाला उचलूनच ठेवावं लागे. दमणी, शिग्राम, टांगा या खास माणसांसाठीच्या गाड्या. टांग्याच्या मागे लोखंडी पायदान दिसतं ते यामुळेच. माल पायदान मागत नाही, भाडं देणारा माणूस मागतो.

मग आली रेल्वे. मुंबई–नागपूर मुख्य मार्ग वऱ्हाडाच्या मधून गेला. अचलपूर-परतवाडा ही जुळी गावं उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी राहून गेली. कापसासाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांची छोटी गाडी आली, तीच आपली शकुंतला. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला. बांधणारे किलिक-निक्सनवाले, १९५१च्या राष्ट्रीयीकरणानंतरही मालकी खाजगी कंपनीकडेच राहिली. १९९४च्या एप्रिलात वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं आणि २०१०च्या दशकात गाडी बंद पडली. तिच्या मालकीवर भरपूर लिहिलं गेलंय, तेव्हा ते सोडून देऊ.

मला रस आहे तिच्या फुटबोर्डात. ब्रॉडगेज डब्याचा तळ रुळापासून साधारण १.३ मीटर उंच असतो. उंच फलाट असतो ७६० ते ८४० मिलिमीटर. म्हणजे मोठ्या स्टेशनवरही अर्ध्या मीटरच्या आसपास चढ उरतोच. छोट्या गाडीची चाकं लहान, त्यामुळे डबा खाली. पण तिचे फलाटही बुटके, आणि मधल्या थांब्यांवर फलाट असून नसल्यासारखे. तिथे दाराखालची पायरी आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या दांड्या हाच जिना. दर्यापूर-बनोसा, अंजनगाव, पथ्रोटच्या लोकांनी कित्येक वर्षं डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर घेऊन हा जिना चढला. यात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे : पायरी उंच असली तरी दांडी योग्य जागी असेल तर माणूस चढतो. भार हातावर जातो. पायरीचा विचार करताना लोक दांडी विसरतात.

नंतर एस.टी. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) धावली, बेडफर्डच्या सांगाड्यावर लाकडी बॉडी. पुढे सांगाडे बदलले, बॉडी धातूची झाली, एक गोष्ट बदलली नाही : आपल्याकडे बस म्हणजे ट्रकचा सांगाडा आणि त्यावर बॉडी. ट्रकचा सांगाडा सरळ रेषेत, आसांच्या वरून जातो. म्हणजे पुन्हा बंडीचंच गणित. चाक, आस, तळ आणि शेवटी उरलेल्या उंचीत दोन-तीन पायऱ्या कोंबायच्या. एस.टी.ची पहिली पायरी चढताना म्हातारी माणसं आधी हात गुडघ्यावर ठेवतात, तुम्हीही पाहिलं असेल.

हे गणित उलटं मांडायला कायदे लागले. अपंगांच्या हक्कांचा कायदा आपल्याकडे १९९५ साली आला, आणि २०१६ साली त्याची जागा जास्त व्यापक कायद्यानं घेतली. २००८च्या सुमारास केंद्राच्या नगरविकास खात्यानं शहर बससाठी तळाच्या उंचीचे आकडे दिले : ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर. ४००वाली म्हणजे लो-फ्लोअर. त्यासाठी इंजिन मागे न्यावं लागतं, आस वाकवावा लागतो, खर्च वाढतो. हवेच्या स्प्रिंगवाली बस तर थांब्यावर एका बाजूला थोडी झुकते. हत्ती आणि उंट हे फार पूर्वीपासून करत आले आहेत, बस आत्ता शिकली :-)

आता कॅम्पर. चाकांवरचं घर आपल्याला नवं नाही. गाडी लोहारांचं बिऱ्हाड पिढ्यानपिढ्या बैलगाडीवर फिरलं. परतवाडा तर इंग्रजी अमदानीतली छावणीच, तंबूंचं गाव. केवळ हौसेसाठी बांधलेलं चाकांवरचं घर मात्र १८८५चं : विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टरनं ब्रिस्टलमध्ये 'वाँडरर' नावाची घोड्यांची गाडी बनवून घेतली. इंग्लंडातल्या जिप्सी गाड्यांना तर सुटा लाकडी जिना असे. मुक्कामाला लावायचा, निघताना काढून टांगायचा. ही कल्पना आजही सगळ्यात चांगली आहे. का, ते सांगतो.

बाजारात साधारण चार प्रकार मिळतात. सुटं स्टूल, एक घडीची पायरी, बटनावर बाहेर येणारी विजेची पायरी, आणि उंबरठ्याला बिजागरीनं बसवून बाहेर उलगडायचा, पाय जमिनीवर टेकणारा छोटा जिना. भावाला विजेची हवी होती. दिसते छान. पण हिशोब करा. ७२ सेंटिमीटरमध्ये एकच पायरी म्हणजे ३६-३६चे दोन चढ. युरोपच्या बस-नियमांत शहर बसची पहिली पायरी साधारणपणे ३४ आणि लांब पल्ल्याच्या बसची ३८ सेंटिमीटरपर्यंत चालते. म्हणजे पहिला चढ लांब पल्ल्याच्या बसच्या नियमात बसतो, आत्याच्या गुडघ्यात नाही.

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्लोंदेल नावाच्या वास्तुशास्त्रज्ञानं जिन्याचा नियम दिला : चढाची दुप्पट अधिक पायरीची खोली म्हणजे माणसाचं एक पाऊल, साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर. आम्ही टेप घेऊन आत्याच्या घरच्या ओट्याची पायरी मोजली. तिथे ती दिवसातून दहादा चढ-उतर करते. निघाली १८ सेंटिमीटर. ७२ भागिले १८ म्हणजे बरोबर चार चढ, म्हणजेच तीन पायऱ्या. खोली २७ ठेवली, तर ३६ अधिक २७ म्हणजे ६३. ब्लोंदेलसाहेब खूश. जिना ८१ सेंटिमीटर बाहेर येतो, पण गाडी उभी असताना त्याचं काय बिघडतं?

जमिनीवर टेकण्याचा दुसरा फायदा ताकदीचा. अधांतरी पायरीवर ८० किलोचा माणूस बिजागरीपासून ३० सेंटिमीटर बाहेर उभा राहिला, की बोल्टांवर सुमारे २३५ न्यूटन-मीटरचं आघूर्ण येतं. उडी मारली तर त्याहून बरंच जास्त. बॉडीचा पातळ पत्रा एवढं सोसत नाही, फाटतो. अधांतरी पायरी बसवायचीच असेल तर थेट सांगाड्याला बसवा. टेकणाऱ्या जिन्यात भाराचा काही भाग जमीन घेते. तरी आम्ही उंबरठ्याखाली आतून जाड पट्टी टाकून, ढिल्या न होणाऱ्या नटांनी आवळलं.

बाकीच्या गोष्टी पटापट. सगळे चढ सारखे ठेवा. एकच वेगळा असला की पाय फसतो. उंची मोजताना टाकी भरलेली आणि सामान चढवलेलं असू द्या, नाहीतर स्प्रिंग दबून आकडा बदलतो. पाय कमीजास्त होणारे घ्या, जमीन कधीच सपाट नसते. काळ्या मातीत पायांखाली फळी ठेवा. पायऱ्यांच्या कडेला खरबरीत पट्टी लावा. दाराच्या दोन्ही बाजूंना दांडी लावा, शकुंतलेसारखी. आणि जिना उघडा असेल तर चालकापाशी दिवा लागेल असा स्विच जोडा. बाहेर राहिलेला जिना शेजारून जाणाऱ्या दुचाकीवाल्याचा पाय मोडेल.

या सगळ्यात नवं तंत्र काहीच नाही. बंडीच्या काळातही सुतार तीन पायऱ्यांचं लाकडी घडवंचं करू शकला असता. फरक मोजायला सुरुवात कुठून केली एवढाच आहे. बंडी, आगगाडी, एस.टी. यांत टेप चाकापासून वर गेला आणि जे उरलं ते माणसाच्या वाट्याला आलं. म्हाताऱ्यांनी "तुमी जा" म्हणायचं आणि आपण ते समजूतदारपणा समजून निघायचं, हे त्यातूनच आलं.

तेव्हा कुणी कॅम्पर करत असाल तर बिछाना, फ्रिज, सोलर नंतर. सगळ्यात आधी घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाकडे जा आणि तो रोज चढतो ती पायरी मोजून आणा.