‘प्रवासी’ कोणास म्हणावे? : जलांतर्गत पर्यटनाच्या सुरक्षिततेचा इतिहास

गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगड समुद्रापासून फार दूर आहे. महाशिवरात्रीस शिवदर्शनासाठी, तसेच ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या दर्ग्यासाठी येथे येणाऱ्या यात्रेकरूंपैकी अनेकांनी सागर पाहिलेलाही नसेल. तथापि हा मुलूख तलावांचा आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय आणि गाढवी नदीवरील इटियाडोह धरण याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहेत. अशा जलाशयांवर आढळणाऱ्या एका लहानशा पक्ष्यास मराठीत ‘पाणबुडी’ म्हणतात. तो बुडी मारतो आणि काही अंतरावर पुन्हा वर येतो. पुढे हेच नाव जलांतर्गत नौकेस मिळाले. ‘बुडी मारणे’ आणि ‘बुडणे’ यांचा धातू एकच. भेद एवढाच की, पहिल्यात वर येणे गृहीत धरलेले असते. जलांतर्गत पर्यटनाचा इतिहास म्हणजे हे गृहीत कशाच्या आधारावर धरावयाचे, या प्रश्नाचाच इतिहास होय.

या पर्यटनाचा एक आरंभीचा टप्पा समुद्रात नव्हे, तर सरोवरात घडला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९६४ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे भरलेल्या राष्ट्रीय प्रदर्शनात झाक पिकार यांनी रचलेली पाणबुडी एका वेळी ४० प्रेक्षकांस घेऊन जिनिव्हा सरोवरात उतरत असे. प्रदर्शनाच्या काळात सुमारे ३३,००० लोक तीतून सुखरूप फिरून आले. त्यानंतर अनेक देशांच्या किनाऱ्यांवर उथळ पाण्यातील पर्यटक-पाणबुड्या रूढ झाल्या.

खोल सागराची गोष्ट निराळी. पाण्यात दर १० मीटरांस सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. टायटॅनिक जहाजाचे अवशेष सुमारे ३,८०० मीटर खोल आहेत. म्हणजे तेथे पृष्ठभागावरील दाबाच्या जवळजवळ ३८० पट दाब असतो. एवढा दाब सर्व अंगांनी सारखा सोसावयाचा, तर गोलाकार व एकजिनसी धातूचे कवच श्रेयस्कर ठरते. भारताच्या समुद्रयान प्रकल्पातील ६,००० मीटर खोलीसाठी योजलेल्या ‘मत्स्य ६०००’ या यानात तिघांसाठी टायटॅनियमचा गोलच योजिला आहे.

१८ जून २०२३ रोजी उत्तर अटलांटिकमध्ये नष्ट झालेल्या ‘टायटन’ यानाचा मुख्य भाग मात्र कार्बन तंतूंचा, नळकांड्याच्या आकाराचा होता. बुडीस सुरुवात झाल्यावर पावणेदोन तासांच्या सुमारास संपर्क तुटला, आणि कवच आत चेपून पाचही जण मृत्यू पावले. या यानास कोणत्याही वर्गीकरण-संस्थेचे प्रमाणपत्र नव्हते. २०१८ मध्येच या क्षेत्रातील तज्ज्ञांनी लेखी इशारा दिला होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी तटरक्षक दलाच्या चौकशी-अहवालाने ही दुर्घटना टाळता येण्याजोगी होती, असा निष्कर्ष काढला.

या प्रकरणात शब्दाने बजावलेली कामगिरी विशेष विचारार्ह आहे. भाडे भरणाऱ्या पर्यटकांस तेथे ‘प्रवासी’ न म्हणता ‘मोहीम-तज्ज्ञ’ म्हणत. ‘प्रवासी’ म्हटले की वाहकावर कायद्याची बंधने येतात. ‘तज्ज्ञ’ म्हटले की जोखमीचा भार त्याच्याच माथी सरकतो. वस्तुतः ज्यास कवचाची जाडी मोजता येत नाही, तो कितीही धाडसी असला तरी प्रवासीच होय.

महाराष्ट्रास हा धडा नवा नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट ऐन पावसाळ्यात मुंबईजवळच उलटली आणि सहाशेहून अधिक लोक प्राणास मुकले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नसल्यामुळे किनाऱ्यास कित्येक तास वार्ताही नव्हती. तेथे अथांग खोली नव्हती, अपूर्व तंत्रही नव्हते. उणीव होती ती पूर्वतयारीची. २७ मार्च २०२५ रोजी इजिप्तमधील हुरघादा येथे किनाऱ्यालगत पर्यटक-पाणबुडी बुडून सहा जण दगावले. उथळ पाणी म्हणजे अभय नव्हे, हेच त्यातून दिसले.

सिंधुदुर्गात निवती परिसरात पर्यटक-पाणबुडीचा विचार अनेक वर्षे चालू आहे. नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका तेथे सागरतळी ठेवून जलांतर्गत संग्रहालय करण्याची योजनाही पुढे आली आहे. ही खोली टायटॅनिकच्या तुलनेत नगण्य आहे. म्हणून टायटनचे भय येथे जसेच्या तसे लागू करणे अशास्त्रीय ठरेल. परंतु त्यातील बोध विसरणे त्याहून घातक ठरेल. यानाची त्रयस्थ संस्थेकडून तपासणी, हवामानाचे निर्बंध, किनाऱ्याशी अखंड संपर्क आणि बचावाची सिद्धता या गोष्टी पहिल्या फेरीपूर्वीच व्हावयास हव्यात, दुर्घटनेनंतर नव्हे.

तळ्यातील पाणबुडी पक्षी आपल्या बळावर वर येतो. तिकीट घेऊन खाली जाणारा माणूस मात्र दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून बुडी मारतो. तो शब्द खरा करून दाखविण्याचे उत्तरदायित्व ज्याने पारखून घेतले नाही, त्याने माणसास पाण्याखाली नेऊ नये.