दिनविशेष : २८ जुलै — विदर्भकन्या विश्वचषकविजेती

२०२५ : जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय. नागपूरपासून वाशीमपर्यंत अवघ्या विदर्भाची मान उंचावणारा हा दिवस!

पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते. मग टायब्रेक : प्रत्येकीला १५ मिनिटे आणि दर चालीला १० सेकंदांची भर. पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. डाव लांबत गेला, पटावर मोजकीच मोहरी उरली आणि हम्पी वेळेच्या कात्रीत सापडली. अशा अंतिम टप्प्यात विजयाची संधी हातून निसटूनही दिव्या चिवटपणे खेळत राहिली. हम्पी पुन्हा चुकताच तिने डाव जिंकला. पाठोपाठ आईच्या मिठीत तिला रडू कोसळले.

‘एंडगेम’, म्हणजे डावाचा हा अंतिम टप्पा, अजून शिकायला हवा, असे तिने जिंकल्यावर लगेच प्रांजळपणे सांगितले. तिच्या मोठेपणाची हीच खरी खूण.

हम्पी ग्रँडमास्टर झाली २००२मध्ये, दिव्याच्या जन्माच्या तीन वर्षे आधी. स्पर्धेपूर्वी ग्रँडमास्टर किताबाचा एकही नॉर्म (त्यासाठी लागणारी ठरावीक कामगिरी) नावावर नसलेली दिव्या या विजयाने थेट भारताची ८८वी ग्रँडमास्टर ठरली.