तोंड वाकडे होणे : एका दुखण्याचा इतिहास

बदलापूर-अंबरनाथहून सकाळच्या गाडीला लोंबकळत कामावर जाणाऱ्या तरुणाला घरची म्हातारी माणसे अजून बजावतात, "कान बांध, वारा लागेल." मग एखाद्या दिवशी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळते, एक डोळा मिटत नाही, हसू जावे तर तोंड एकीकडेच ओढले जाते, आणि घरोघर निदान एकच : वारा लागला. कोणी मालीश सुचवितो, कोणी अंगारा, आणि चार-पाच दिवस सहज जातात. हे चार-पाच दिवस जाणे हीच या दुखण्यातली खरी हानी आहे.

दुखणे जुने आहे. चरक-सुश्रुतांनी त्याला 'अर्दित' म्हटले आणि वातव्याधींत घातले. वैद्यांचा वात आणि खिडकीतला वारा यांची गल्लत लोकांनी मागाहून केली असावी, असे मला वाटते. युरोपात १७९८ मध्ये फ्रीडराइख नावाच्या जर्मन वैद्याने असे रोगी वर्णिले. पण नाव राहिले ते चार्ल्स बेल याचे. वॉटर्लूच्या १८१५ च्या लढाईतील जखमींवर शस्त्रक्रिया केलेला हा स्कॉटिश शल्यवैद्य. चेहरा हलविणारा मज्जातंतू वेगळा आणि चेहऱ्याला स्पर्श कळविणारा वेगळा, हे त्याने १८२१ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले. हा हलविणारा तंतू कानामागच्या हाडातील अरुंद बोगद्यातून बाहेर येतो. तो सुजला की बोगद्यातच आवळला जातो आणि अर्धा चेहरा लुळा पडतो. सूज बहुधा शरीरात दबून राहिलेला नागिणीच्या जातीचा विषाणू पुन्हा जागा झाल्याने येते, असे आज मानतात.

यातून एक साधी परीक्षा निघते. रोग्याला भुवया वर करावयास सांगावे. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम मिळतो. म्हणून मेंदूतच बिघाड असेल तर तोंड वाकडे होते, पण कपाळावर आठ्या पडतात. आठ्याही पडत नसतील तर दोष बहुधा तंतूचा. आठ्या पडत असतील, किंवा हातपाय लुळे अथवा बोलणे जड झाले असेल, तर तो अर्धांगवायू समजून त्याच घटकेला मोठे रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. शंका असली तरीही थांबू नये.

महाराष्ट्राला ठाऊक असलेला असा चेहरा म्हणजे ललिता पवार यांचा. त्यांचे दुखणे आघाताचे होते, बेलचे नव्हे. पण तंतू तोच. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रणात भगवान यांची चपराक अनवधानाने फार जोरात बसली. चेहऱ्याची बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्यातील शीर फुटली. सुमारे तीन वर्षे उपचार झाले, तरी डोळा कायमचा बारीक राहिला आणि नायिकेच्या भूमिका संपल्या. पुढे १९५९ चा 'अनाडी' आला, १९८७ मध्ये दूरदर्शनवरची मंथरा आली. लोक ही जिद्दीची कथा म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. मी मात्र आयुष्यभर कामगारांच्या सभा घेतल्या. मला तो कामावरचा अपघात दिसतो. चेहरा हेच जिचे हत्यार, तिचे हत्यार वयाच्या सव्विसाव्या वर्षी कामावर मोडले. मारणाराही गिरणी कामगाराचाच मुलगा. त्यात खलनायक कोणी नाही.

त्या काळी देण्याजोगे औषधच नव्हते. स्टेरॉइडे वापरात आली ती १९५० च्या सुमारास, आणि बेलच्या दुखण्यात त्यांचा उपयोग पक्का ठरला तो २००७ मध्ये, बेलच्याच स्कॉटलंडात. ५५१ रोगी घेतले. बहात्तर तासांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्यांपैकी नऊ महिन्यांनी सुमारे ९४ टक्के पूर्ण बरे झाले; न घेतलेल्यांपैकी सुमारे ८२. म्हणजे बहुतेक जण आपोआपही बरे होतात, आणि अंगाऱ्याला यश मिळते ते याचमुळे! पण उरलेल्यांत आपण असू की नाही, हे पहिल्या दिवशी कोण सांगणार?

आता हे बहात्तर तास आमच्याकडे मोजून पाहा. ज्याच्यापाशी राज्य विम्याचे कार्ड आहे त्याला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के मजुरी मिळते. पण उल्हासनगरच्या गल्लीत नगावर शिवणाऱ्याला कार्ड कोठले? दवाखान्याचा दिवस म्हणजे बुडालेला रोज. "रविवारी जाऊ" असे तो म्हणतो, आणि सोमवारी तोंड वाकडे झालेले असेल तर रविवारी मुदत टळून गेलेली असते. मुकादमाने त्याला त्याच दिवशी सोडावे, एवढी मागणी कोणत्याही मागणीपत्रात बसते.

मधुमेह असल्यास डॉक्टरला आधी सांगावे, कारण या औषधाने साखर वाढते. कानात फोड आले असतील, किंवा चेहरा आठवड्यागणिक हळूहळू लुळा पडत असेल, तर कारण वेगळे असू शकते. कुष्ठरोगातही हा तंतू सापडतो. न मिटणारा डोळा मात्र सर्वांनीच जपावा : दिवसा थेंब आणि चष्मा, रात्री मलम घालून पापणी चिकटपट्टीने मिटवून ठेवणे. कारखान्याच्या धुळीत उघडा राहिलेला डोळा दृष्टीही घालवू शकतो. सुधारणा बहुधा तीन आठवड्यांत दिसू लागते. तीन महिन्यांनीही चेहरा पुरता हलत नसेल, तर पुन्हा तज्ज्ञाकडे जावे.