रायफल की गोळी?

अमेरिकेत एल्क या थोराड हरणाच्या पहिल्या शिकारीला निघणारा आधी विचारतो, रायफल कोणती घेऊ? १९२५ साली विंचेस्टर कंपनीचे .२७० काडतूस आले. लेखक जॅक ओ'कॉनर त्याचे कैवारी, तर एल्मर कीथ जाड, वजनदार गोळीचे. हा वाद अनेक वर्षे रंगला. मला मात्र जॉन नॉस्लर महत्त्वाचे वाटतात. १९४६ मध्ये कॅनडात त्यांची गोळी मूसच्या अंगात खोल शिरलीच नाही. म्हणून त्यांनी मधोमध आडभिंत असलेली गोळी घडवली. तिचा पुढचा भाग पसरतो, मागचा शाबूत राहून आत जातो. १९४८ पासून ती बाजारात आली. जनावर जखमी होऊन रानात तडफडत राहू नये, हीच खरी कसोटी. तिथे रायफलच्या नावापेक्षा गोळीची घडण आणि शिकाऱ्याचा नेमच कामी येतो.